ह्यूम पाइप आणि सोलापूरचे वालचंदशेठ

रस्त्याच्या कडेला पडलेला भलामोठा सिमेंटचा पाइप दिसला, की मराठी माणूस त्याला सहज ‘ह्यूम पाइप’ म्हणतो. ओढ्यावरची मोरी असो, पाणीयोजनेची मुख्य वाहिनी असो, की गावाचे गटार असो, नाव एकच. मुले त्यात लपंडाव खेळतात, पावसात सापडलेला मजूर त्यात आडोशाला बसतो. ह्यूम हे ऑस्ट्रेलियातील एका संशोधकाचे आडनाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. आणि हे नाव भारतात घरोघरी पोहोचवणारी कंपनी काढणारा माणूस सोलापूरचा होता, हे तर सोलापुरातही अनेकांना ठाऊक नसते.

ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी. भारतीय जहाज, भारतीय विमान कारखाना आणि भारतीय मोटार यांच्या इतिहासात त्यांचे नाव येतेच. पण त्यांची कारकीर्द सुरू झाली ती माती आणि मुरमापासून, आणि पुढे वाळू, खडी व सिमेंटपर्यंत गेली. आरोग्याच्या नजरेने पाहिले, तर त्यांच्या सगळ्या उद्योगांत सर्वांत मोठा ठरतो तो हा साधा, करड्या रंगाचा पाइप.

पटकी आणि प्लेगचा काळ

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातले, दिगंबर जैन. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. वडील हिराचंद नेमचंद हे समाजसुधारणेची ओढ असलेले गृहस्थ. ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक त्यांनी चालवले. घरात गुजराती आणि बाजारात मराठी, अशा वातावरणात वालचंद वाढले.

त्या काळचे सोलापूर गिरण्यांमुळे झपाट्याने वाढत होते. शहराला हिप्परग्याच्या एकरूख तलावाचे पाणी होते, पण आसपासच्या गावांना विहिरी, ओढे आणि नदी हाच आधार होता. पंढरपूरच्या वारीत पटकीची साथ आली, की परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव पसरे. पटकी म्हणजे कॉलरा. तो पाण्यातून पसरणाऱ्या जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कोलकात्यात काम करताना पक्के केले. तेव्हा वालचंद जेमतेम सव्वा वर्षाचे होते. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच त्याची झळ सोलापूर जिल्ह्यालाही लागली. माणसे घरे सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेली. वालचंद यांच्या शाळेची शेवटची वर्षे अशी गेली.

१८९९ साली ते सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून मॅट्रिक झाले आणि मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात दाखल झाले. पुढे ते घरच्या धंद्यात आले खरे, पण सावकारीत आणि कापसाच्या सौद्यांत त्यांचे मन रमले नाही. त्यांना काहीतरी उभे करायचे होते.

मातीचा पहिला धडा

ही संधी लक्ष्मणराव बळवंत फाटक या गृहस्थांमुळे मिळाली. फाटक रेल्वेत कारकून होते. ती नोकरी सोडून ते कंत्राटदारीत उतरले होते. त्यांना कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल उभे करण्याची पत आणि धडाडी होती. दोघांची ‘फाटक-वालचंद’ ही भागीदारी जमली. बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे काम हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक.

रेल्वेचे काम म्हणजे तेव्हा मुख्यतः मातीचे काम. रूळ बसतात भरावावर, आणि भराव खचला तर गाडी घसरते. सोलापूर, बार्शी या भागात काळी माती आहे. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून भरावासाठी शक्य तिथे मुरूम वापरायचा, थरावर थर टाकायचा, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकायचा आणि एक पावसाळा जाऊ देऊन भराव बसू द्यायचा, अशी जुन्या कंत्राटदारांची रीत होती.

या रीतीमागे शास्त्र आहे. माती, मुरूम किंवा वाळू म्हणजे सुटे कण. त्यांच्यात बळ येते ते कण एकमेकांवर घासून अडतात म्हणून. कण जितके दाटीने बसलेले, तितके ते घसरायला अवघड. चंद्रभागेच्या वाळवंटात चालताना हे पायाला कळते. कोरड्या वाळूत पाय रुततो. किंचित ओल्या वाळूवर पाऊल घट्ट बसते, कारण कणांमधले पाण्याचे पातळ थर त्यांना एकमेकांकडे ओढून धरतात. पाणी फार झाले की ती ओढ नाहीशी होते आणि वाळू पुन्हा सैल पडते. पाणी थोडे असेल तर ते बळ देते आणि जास्त झाले तर तेच बळ काढून घेते. भराव ठोकताना किती ओल असावी, याचे मोजमाप अमेरिकेतील प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ साली मांडले. त्याआधी तीस वर्षे मुकादम मूठभर माती हातात दाबून तो अंदाज बांधत होते.

भागीदारीला एकामागून एक कामे मिळत गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बांधकामेही मिळाली. हाती पैसा आला, आणि त्याहून मोलाचे म्हणजे हजारो मजूर, गाड्या, यंत्रे आणि वेळापत्रक सांभाळण्याचा अनुभव आला.

एक रुग्णालय-जहाज आणि घाटातले बोगदे

युद्ध संपताच वालचंद यांनी सगळ्यांना चकित करणारा व्यवहार केला. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या मालकीचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज युद्धकाळात जखमी सैनिकांसाठी रुग्णालय म्हणून वापरले जात होते. ते आता विकायला निघाले होते. नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांच्या साथीने वालचंद यांनी ते घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीशी वालचंद यांचे भांडण पुढे आयुष्यभर चालले. खुद्द ‘लॉयल्टी’ मात्र फार काळ चालले नाही. काही वर्षांतच ते भंगारात निघाले.

समुद्रावर हा झगडा चालू असताना जमिनीवरचे काम वाढतच होते. १९२० च्या सुमारास वालचंद टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत भागीदार झाले. मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर बोरघाटात गाडीला उलट दिशेने वळवावे लागे. ते टाळण्यासाठी नव्या आखणीचे बोगदे खोदण्याचे काम त्यांच्याकडे आले. तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या नळवाहिन्या टाकण्याचे काम आले. सिंधू नदीवर कालाबागचा पूल आणि ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल हीसुद्धा त्यांच्याच कारकिर्दीतली कामे. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली.

बोगद्याच्या कामाची एक बाजू डॉक्टरांच्या परिचयाची आहे. खडक फोडताना, वाळू चाळताना आणि दगड कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असेल, तर तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती चिवट व्रण तयार होतात आणि फुप्फुस हळूहळू कडक होते. हा सिलिकोसिस. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट येथे १९३० पासून खोदलेल्या एका बोगद्यात याच धुळीने शेकडो मजुरांचा बळी घेतला आणि जग जागे झाले. सह्याद्रीचा काळा पाषाण त्या मानाने बरा, कारण त्यात सुटी सिलिका फार कमी असते. नदीची वाळू आणि वाळूचा दगड मात्र तसे नाहीत. आजही दगड कापणाऱ्या आणि वाळू चाळणाऱ्या कामगाराला दम लागू लागला, खोकला हटेना झाला, तर छातीचा फोटो काढून घ्यायला हवा. सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षयरोगही लवकर शिरतो. दगड ओला करून कापणे आणि योग्य मास्क लावणे हे स्वस्त आणि खरे उपाय आहेत. सिमेंट कालवणाऱ्यांचा त्रास वेगळा. ओले सिमेंट तीव्र अल्कलीयुक्त असते, ते कातडी भाजून काढते आणि वारंवार लागले तर इसबही होतो. हातमोजे घालणे, काम संपताच हातपाय स्वच्छ धुणे आणि डोळ्यात सिमेंट गेल्यास आधी भरपूर पाण्याने डोळा धुऊन मग लगेच डॉक्टरकडे जाणे, एवढे प्रत्येक गवंड्याला माहीत हवे.

वाळू, सिमेंट आणि फिरता साचा

१९२६ हेच वर्ष ‘इंडियन ह्यूम पाइप’ कंपनीचेही. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर ह्यूम यांनी १९१० च्या सुमारास पाइप बनवण्याची नवी युक्ती काढली होती. ती युक्ती समजून घ्यायची तर आधी सिमेंट वाळूला काय करते, ते पाहावे लागते.

सिमेंट वाळून घट्ट होते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग करून घट्ट होते. त्या संयोगातून कॅल्शियम सिलिकेटचे अतिसूक्ष्म तंतू आणि पापुद्रे तयार होतात. ते वाळूच्या कणांना चिकटतात, कणांमधल्या पोकळ्यांत वाढतात आणि सुट्या कणांची एक अखंड चौकट बांधतात. नुसती वाळू वरून दाबून धरली असेल तोवरच भक्कम असते. दाब काढला की तिची ढिगात गणना. सिमेंट मिसळलेली वाळू दाब नसतानाही उभी राहते. चांगल्या वाळूत वजनाच्या ५ ते १० टक्के सिमेंट आणि योग्य ओल देऊन ती नीट ठोकली, तर काही दिवसांत तिचा कच्चा दगड होतो. सिमेंट वाढवले की बळ वाढते. पण तेवढ्याच सिमेंटमध्ये कण अधिक दाटीने बसवले तरीही बळ पुष्कळ वाढते. मातकट, गाळ असलेल्या वाळूत मात्र सिमेंट वाया जाते, कारण गाळ कणांवर बसून पकड होऊ देत नाही.

या बळाला एक अंगभूत दोष आहे. नुसती वाळू भार वाढला की हळूहळू सरकते, आकार बदलते. सिमेंटने बांधलेली वाळू बराच वेळ काहीच दाखवत नाही आणि मग एकदम तडकते. जोड तुटले की मागे उरते ती पुन्हा वाळूचीच घासून अडण्याची ताकद. शिवाय दाब सोसण्यात हा पदार्थ तरबेज, पण ताण सोसण्यात दुबळा. साध्या काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारण एक दशांश असते.

पाइपला नेमका ताणच सोसावा लागतो. आतले पाणी सगळीकडून भिंत बाहेर ढकलत असते. १ मीटर व्यासाच्या पाइपात १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असेल, तर पाइपच्या प्रत्येक मीटर लांबीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मिळून सुमारे १० टनांची ओढ येते. एकेका भिंतीच्या वाट्याला ५ टन. ही ओढ पेलण्यासाठी सिमेंटच्या पोटात पोलादी सळ्यांची गोल कडी घालतात.

निसर्गाने हीच योजना आपल्या हाडांत केली आहे. हाडाच्या कोरड्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियमच्या क्षारांचा असतो. तो दाब सोसतो. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे चिवट धागे असतात. ते ताण सोसतात. क्षार कमी झाले तर हाड वाकते, कोलॅजेन सदोष असेल तर हाड काचेसारखे फुटते. दोन्ही बरोबर असतील तेव्हाच हाड धडधाकट राहते.

आता ह्यूम यांची युक्ती. सळ्यांचा पिंजरा एका आडव्या साच्यात ठेवायचा, त्यात काँक्रीट ओतायचे आणि साचा वेगाने गरगर फिरवायचा. फिरण्याच्या जोराने वाळू आणि खडी साच्याच्या भिंतीकडे फेकली जाते आणि दाट बसते. जादा पाणी पिळून आतल्या पोकळीत येते आणि वाहून जाते. आतला पृष्ठभाग गुळगुळीत होतो. जादा पाणी बाहेर निघणे फार महत्त्वाचे आहे. सिमेंटला रासायनिक संयोगासाठी स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणी लागते. बाकीचे पाणी केवळ कालवायला सोपे जावे म्हणून घातलेले असते. ते उडून गेले की मागे छिद्रे राहतात, आणि छिद्रे म्हणजे दुबळेपणा आणि गळती. पाणी-सिमेंटच्या प्रमाणावर काँक्रीटचे बळ ठरते, हे अमेरिकेतील डफ एब्रॅम्स यांनी १९१८ साली दाखवले होते. ह्यूम यांच्या साच्यात हा नियम आपोआप पाळला जात होता.

वालचंद अभियंता नव्हते. पण बिडाचे आणि पोलादाचे नळ महाग, त्यातले पुष्कळ परदेशातून येणारे, हे त्यांना कंत्राटदारीत दिसले होते. वाळू आणि खडी तर इथे जागोजाग होती. भारतात पोर्टलँड सिमेंटचे व्यवस्थित उत्पादन १९१४ पासून पोरबंदरला सुरू झाले होते. सळ्या सोडल्या तर पाइपचे बहुतेक वजन स्थानिक मालाचे. पाइप जड, लांबून वाहून आणणे परवडत नाही. तेव्हा कामाजवळच कारखाना काढावा, हे गणित त्यांनी अचूक पकडले. कंपनीचे कारखाने देशात ठिकठिकाणी निघाले आणि छोट्या शहरांच्या पाणीयोजना व गटारे आवाक्यात आली.

पाइपचे आरोग्य, गावाचे आरोग्य

पटकी, विषमज्वर, हगवण आणि कावीळ यांच्याविरुद्धची लढाई औषधांनी जेवढी जिंकली, तितकीच ती बंदिस्त नळाने जिंकली. उघड्या विहिरीचे पाणी बादलीगणिक दूषित होते. चांगला पाइप स्वच्छ पाणी घराच्या दारापर्यंत स्वच्छच ठेवतो. मात्र पाइपही आजारी पडतो, आणि मग गाव आजारी पडते.

पहिले दुखणे जमिनीचे. सोलापूरच्या काळ्या मातीत पाइप नुसता पुरला, तर पावसाळ्यात माती त्याला वर उचलते आणि उन्हाळ्यात सोडते. पाइपचा सांधा दरवर्षी हलतो आणि एके दिवशी निखळतो. म्हणून पाइपखाली वाळूची किंवा मुरमाची नीट ठोकलेली गादी हवी, आणि जिथे भार जास्त असेल तिथे त्या गादीत सिमेंटही मिसळतात. वाळूत सिमेंट घालून जमीन पक्की करण्याचे हे तंत्र जगभर याच काळात रुजले. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातील जॉन्सनव्हिल गावचा रस्ता १९३५ साली असा केला गेला. फाळणीनंतर कर्नालला निर्वासितांसाठी बांधलेल्या हजारो घरांच्या भिंतीही थोडे सिमेंट घालून ठोकलेल्या मातीच्याच होत्या.

दुसरे दुखणे गटाराच्या पाइपचे. सांडपाण्यातून निघणारा कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू पाइपच्या छताला जमतो. तिथले जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते सिमेंट खाऊन टाकते. पाइप वरून पोखरतो आणि अचानक खचतो. गटारात वारा खेळता ठेवणे आणि सांडपाणी तुंबू न देणे हा त्यावरचा उपाय.

तिसरे दुखणे आपल्या शहराला चांगले ठाऊक आहे. काही दिवसांआड पाणी सोडले, की मधल्या काळात पाइप रिकामा राहतो. रिकाम्या पाइपात बाहेरचे पाणी, म्हणजे शेजारच्या गटाराचेसुद्धा, सैल सांध्यांतून आत शिरते. त्यात कोणी नळाला थेट मोटार लावली, तर ही ओढ आणखी वाढते आणि सगळ्या गल्लीला जुलाब होतात. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये. गढूळ किंवा वास येणारे पाणी आले तर लगेच कळवावे. पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे द्रावण टाकून घ्यावे. नळाला थेट मोटार लावणे हा शेजाऱ्याच्या प्रकृतीशी खेळ आहे.

वाढता पसारा आणि तुटलेला धागा

१९३० च्या दशकात वालचंद शेतीकडे वळले. मालेगाव तालुक्यातील रावळगावला माळरान विकसित करून १९३३ मध्ये साखर कारखाना उभा केला. इंदापूर तालुक्यात कळंब येथे वसलेले गाव पुढे वालचंदनगर झाले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहभागाने बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. जून १९४१ मध्ये राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली.

यातले सगळेच त्यांच्या हाती राहिले नाही. विमान कारखान्याचा ताबा युद्धाच्या गरजेपोटी १९४२ साली सरकारने घेतला. जहाज कारखाना युद्धामुळे रखडला. तिथले पहिले मोठे जहाज ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, आणि पुढे तो कारखानाही सरकारकडे गेला. सरकारी परवानग्या, परकी स्पर्धक, भागीदारांतले मतभेद आणि कर्जे यांच्याशी वालचंद सतत झगडत राहिले. भावांनी उद्योगांचा भार वाटून घेतला होता, तरी झगड्याचा मुख्य ताण त्यांच्यावरच होता.

१९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पक्षाघात हाही शेवटी वाहिनीचाच आजार. मेंदूची रक्तवाहिनी एक तर गुठळीने तुंबते किंवा फुटते. वाहिनीच्या भिंतीवरचा ताण हा दाब आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, हे पाइपचे गणित धमनीलाही तंतोतंत लागू आहे. फरक एवढाच, की निरोगी धमनी लवचिक असते, प्रत्येक ठोक्याला फुगते आणि मिटते. वय, तंबाखू, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब तिला कडक करतात, आणि कडक भिंत तडकते.

त्या काळी वाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे जिवंत माणसाच्या मेंदूत पाहण्याची सोय नव्हती. सीटी स्कॅन यायला आणखी बावीस वर्षे होती. रक्तदाबावर भरवशाच्या गोळ्याही जवळजवळ नव्हत्या. योगायोग असा, की त्याच १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीमुळे रक्तदाब कमी होतो, हे आपले निरीक्षण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि रक्तदाबाच्या उपचारांना नवी दिशा मिळाली. आज रक्तदाब मोजणे आणि आटोक्यात ठेवणे कोणत्याही सरकारी दवाखान्यात शक्य आहे. तोंड वाकडे होणे, हातातले बळ जाणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक झाले तर वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी स्कॅनही व्हायला हवा.

वालचंद यांना ही कोणतीच सोय मिळाली नाही. १९५० साली त्यांनी उद्योगांतून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत त्यांच्या सोबत होत्या. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे, वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापुरातील शिक्षणसंस्था आज त्यांचे नाव चालवतात. स्थापत्यशास्त्र शिकणारी मुले वाळू-सिमेंटचे ठोकळे बनवतात, ते पाण्यात बुडवून ठेवतात आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. सातव्या दिवसाचा ठोकळा लवकर फुटतो, अठ्ठाविसाव्या दिवसाचा जास्त भार घेतो. सिमेंटला पूर्ण बळ यायला वेळ आणि ओलावा दोन्ही लागतात. एप्रिल-मे मधल्या आपल्या उन्हात नवे बांधकाम निदान आठवडाभर ओले ठेवायचे असते ते यासाठीच. पाण्याच्या टाकीचे, मोरीचे किंवा पाइपच्या गादीचे काम चालू असेल आणि त्यावर पाणी मारायला कोणी नसेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने मुकादमाला हटकायला हरकत नाही. तिथे पडलेली बारीक भेग दहा वर्षांनी दवाखान्यातल्या जुलाबाच्या रुग्णांत मोजली जाते.